पुस्तकातली तान

उमरेडला काय काय मिळते याची यादी करायला बसलो, तर ती बरीच लांबेल. एके काळी इथल्या कोष्ट्यांच्या मागावरची रेशीमकाठी धोतरे दूरदूरच्या बाजारांत जात असत. जमिनीखाली कोळसा आहे, कऱ्हांडल्याच्या रानात वाघ आहे, आणि शेजारच्या भिवापूरची मिरची तर अशी, की नुसत्या आठवणीने ठसका लागावा. भजनी मंडळे आहेत, पेटी शिकवणारे आहेत, लग्नात बँड वाजवणारे आहेत. मिळत नाही ते एकच : जॅझ गिटार शिकवणारा गुरू. ही उणीव गावातल्या कोणाही शहाण्या माणसाला आजवर जाणवली नव्हती. ती नेमकी आमच्याच घरात जाणवावी, याला योगायोग म्हणायचे की ग्रहमान, ते ज्याने त्याने ठरवावे.

माझा पुतण्या कोळशाच्या खाणीत पाळीवर जातो. कधी सकाळची पाळी, कधी दुपारची, कधी रात्रीची. ज्याच्या झोपेलाच ठरलेली वेळ नाही, त्याने ५० किलोमीटरवरच्या नागपूरला जाऊन शिकवणी कशी लावावी? चार वर्षे मित्रांच्या संगतीने तो सिनेमाची गाणी गिटारवर वाजवीत होता, आणि घर त्यावर संतुष्ट होते. मग कोठूनसे त्याने वेस माँटगोमेरी या अमेरिकन गिटारवाल्याचे वादन ऐकले, आणि त्या दिवसापासून त्याचे चित्त ठिकाणावर राहिले नाही. मला म्हणाला, "काका, हा माणूस गाणे वाजवत नाही हो. गाण्याशी बोलतो. मला तसे बोलायला शिकायचे आहे."

शेजारच्यांना हे विलायती खूळ वाटले. मला तसे वाटले नाही. जॅझ हे काही आपल्याला अगदीच परके पाहुणे नव्हे. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्यापाशी दोन मुलगे गाणे शिकत होते. एक वसंतराव देशपांडे, आणि दुसरा रामचंद्र चितळकर, म्हणजे पुढचे संगीतकार सी. रामचंद्र. या दुसऱ्याने मुंबईस जाऊन चिक चॉकलेट या टोपणनावाने गाजलेल्या गोमंतकीय ट्रंपेटवाल्याला हाताशी धरले, आणि १९५१ च्या 'अलबेला'त जॅझची ती उसळी घराघरांत नेऊन सोडली. आपल्या आजीबाईंनी ज्या गाण्यांवर पाय हलवले, त्यांत न्यू ऑर्लीन्सचे पाणी होते, एवढेच काय ते त्यांना ठाऊक नव्हते. डेव्ह ब्रूबेक १९५८ साली आणि लुई आर्मस्ट्राँग १९६४ साली मुंबईत वाजवून गेले. तेव्हा मुंबईहून उमरेडला यायला या रागदारीला साठ वर्षे लागली, एवढेच म्हणता येईल. आमच्याकडे बऱ्याच गोष्टी याच वेगाने येतात.

तर एके संध्याकाळी पुतण्याने माझ्यापुढे पुस्तकांची एक यादी ठेवली. नऊ नावे होती. "यांतली तीन घेण्यापुरते पैसे बाजूला काढले आहेत. कोणती घेऊ ते तुम्ही सांगा." मला गिटारचे अवाक्षर कळत नाही. पण मी तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवले, आणि कोणत्या पुस्तकाने मूल शिकते व कोणत्या पुस्तकाने ते पळून जाते, याची थोडी पारख त्या तीस वर्षांत आली, असा घरच्यांचा समज आहे. मोबाइलवर धडे ढिगाने मिळतात, मग पुस्तक कशाला, असे मी त्याला विचारून पाहिले. तो म्हणाला, "तिथे सगळेच मधले पान आहे, काका. पहिले पान कुठे आहे तेच कळत नाही." हे उत्तर मला फार आवडले. पुस्तकाला पहिले पान असते आणि शेवटचेही असते, हा त्याचा गुण आपण सहसा जमेला धरीत नाही.

तरीही तीन पुस्तके निवडण्याचे मला एवढे ओझे का वाटावे? त्याला कारण आमचा दादा, म्हणजे या मुलाचा बाप.

दादाला गाण्याचे वेड होते आणि गुरू नव्हता. त्याच्यापाशी होती एक पेटी, आणि भातखंड्यांच्या 'क्रमिक पुस्तक मालिके'चे दोन भाग. विष्णु नारायण भातखंडे (१८६० ते १९३६) हे पेशाने वकील. ज्या काळी खाँसाहेब मंडळी एकेक चीज तिजोरीतल्या दागिन्यासारखी जपत, त्या काळी या वकिलाने गावोगाव हिंडून, आर्जवे करून, ऐकून, लिहून सुमारे अठराशे चीजा सहा भागांत छापल्या, आणि त्याही मराठीतून. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब : एवढी चार चिन्हे ज्याला आली, त्याला उमरेडच्या माजघरात बसून यमनाची चीज गाता येऊ लागली. ज्याच्या सात पिढ्यांत कोणी गवई नाही, त्याच्या घरी या पुस्तकाने गाणे आणले. पुस्तकाने गाण्याचा घात केला असे म्हणणारे रसिक पुष्कळ भेटतात. त्यांना बहुधा चांगला गुरू मिळालेला असतो.

दादा रोज रात्री त्या पुस्तकातले स्वरविस्तार पेटीवर काढी. सुरेख काढी. एक मात्रा इकडची तिकडे होत नसे. पुढे त्याने विनायकराव पटवर्धनांचे 'राग विज्ञान' मिळवले. त्यात तर आलाप आणि तानाही लिहून दिलेल्या. त्याही त्याने पाठ केल्या. पण चाळीस वर्षांत मी त्याच्या पेटीतून पुस्तकाबाहेरची एकही तान ऐकली नाही. भजनाला बसला आणि मंडळी रंगात येऊन म्हणाली, "होऊन जाऊ द्या दादा," की तो छापील तान वाजवी आणि मान खाली घाली. आमच्या परंपरेत ज्याला 'उपज' म्हणतात, म्हणजे बसल्या बैठकीत, त्या क्षणी, रागाच्या कुंपणात राहून जे नवे सुचते ते, ते त्याला सुचत नव्हते की सुचूनही वाजवण्याचा धीर होत नव्हता, हे मला त्याच्या हयातीत कळले नाही.

तो गेल्यावर पुस्तके माझ्याकडे आली. चाळताना भूपाच्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलेली एक ओळ दिसली. अक्षर दादाचे. सारे गप धसां धप गरे गप ध. छापील मजकुरात ही तान कोठेही नाही. आणि ओळीच्या शेवटी, धैवतापुढे, एक प्रश्नचिन्ह.

ते प्रश्नचिन्ह जाणकाराला लगेच उमगेल. भूप आणि देशकार या दोन्ही रागांचे स्वर तेच पाच : सा रे ग प ध. भूपाचा जीव गंधारात, देशकाराचा धैवतात. धैवतावर जाऊन मुक्काम केला की भूपाचा देशकार होण्याची धास्ती. दादाला ती तान सुचली होती. पण ती आपली म्हणावी, की चूक म्हणावी, हे विचारायला त्याला कोणी नव्हते. पुस्तक उत्तर देते, पण आपण न विचारलेल्या प्रश्नाचे. म्हणून त्याने प्रश्नचिन्ह काढले, आणि पुस्तक मिटले.

आता त्याच्याच मुलाला गुरूवाचून उपज शिकायची होती, आणि तीही पुस्तकातून. माझ्या डोळ्यांपुढे ती पेन्सिलीची ओळ होती. हा मुलगाही चाळीस वर्षे दुसऱ्याच्या ताना बिनचूक वाजवीत बसला तर?

मी यादी घेऊन बसलो. आधी जॅझची उपज म्हणजे काय ते समजून घेतले. समजले ते असे. आपल्याकडे गवयाच्या मागे तंबोरा एकच सूर धरून बसतो, आणि गवई त्या सुरापुढे फिरतो. जॅझमध्ये मागची जमीनच फिरत असते. गाण्याच्या चालीखाली स्वरसंघांची, म्हणजे कॉर्डांची, एक माळ असते. ती माळ आवर्तनासारखी पुनःपुन्हा येते, आणि वाजवणारा प्रत्येक फेरीत तिच्यावर नवी चाल बांधतो. कोष्ट्याच्या घरी जन्मलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. ताणा ठरलेला, बाणा आपला.

या माळेतला सर्वांत नेहमीचा तुकडा आपल्या सरगमीत मांडला तर असा दिसतो. पहिली कॉर्ड : रे म ध सा. दुसरी : प नि रे म. तिसरी : सा ग प. सगळे स्वर शुद्ध, बिलावल थाटाचे. आता गंमत पाहा. पहिलीतला सा अर्ध्या पावलाने खाली उतरला की दुसरीतला नि होतो. दुसरीतला म अर्ध्या पावलाने उतरला की तिसरीतला ग होतो. एवढी पायरी बोटांना सापडली की स्वर आपोआप घराकडे चालू लागतात, आणि ऐकणाऱ्याला वाटते, काय सुंदर सुचले! जॅझमधली निम्मी विद्या या उतरण्यात आहे. आणि 'ब्लूज' नावाचा त्यांचा जो मूळ साचा, तो बारा मापांचा. चार मापे षड्जाच्या कॉर्डवर, दोन मध्यमाच्या, दोन पुन्हा षड्जाच्या, मग एक पंचमाची, एक मध्यमाची, आणि शेवटची दोन षड्जाची. प्रत्येक मापात चार ठोके, म्हणजे अठ्ठेचाळीस झाले. आपला विलंबित एकताल बारा मात्रांचा, आणि प्रत्येक मात्रेचे चार तुकडे पाडून मोजतात. हिशेब तोच! हे ध्यानात आल्यावर मला त्या यादीची भीती वाटेनाशी झाली.

मग मी माझी जुनी मास्तरकी कसोटी लावली. संस्कृत शिकवणारी पुस्तके तीन जातींची असतात. एक रूपावली, दुसरा कोश, आणि तिसरे वाचनपाठ. रूपावली पाठ करून कोणी कालिदास झाला नाही. पण 'रामः रामौ रामाः' न येता जो कालिदास उघडतो, तो दुसऱ्या ओळीत बुडतो. कोश घरात असावा, पण तो कोणी पहिल्या पानापासून वाचीत नाही. आणि वाचनपाठाशिवाय रूपावली म्हणजे नुसती घोकंपट्टी.

या कसोटीवर नऊ नावे आपोआप वेगळी झाली. टेड ग्रीन यांचे 'कॉर्ड केमिस्ट्री' (१९७१) हा सरळ अमरकोश. त्यात कॉर्डांचे एवढे आकार आहेत की माणूस मोजता मोजता म्हातारा व्हावा. थोर पुस्तक, पण आज नको. मार्क लेव्हिन यांचे 'द जॅझ थिअरी बुक' (१९९५) पाचशेवर पानांचे. ते सिद्धान्तकौमुदीच्या जातीचे. ज्याला भाषा येते त्याला ते आनंद देईल, ज्याला येत नाही त्याला ते उशाला घ्यावे लागेल. चार्ली पार्कर या सॅक्सोफोनवाल्याच्या वादनांची लिपीबद्ध बाडे 'ओम्निबुक' नावाने १९७८ साली छापली गेली. तो शुद्ध कालिदास. त्याच्याकडे जायचे, पण वाट चालून झाल्यावर. जो पास या वादकाचे पुस्तक (१९७०) आणि जेरी कोकर यांचे 'इंप्रोव्हायझिंग जॅझ' (१९६४) हे दोन्ही मला आवडले. कोकर यांचे पुस्तक तर अंगाने लहान आणि बोलायला सरळ आहे. पण ते कोणत्याही वाद्याला चालेल असे लिहिलेले, म्हणजे गिटारीवर बोट कोठे ठेवायचे ते त्याच्या हद्दीबाहेरचे. ज्याच्या शेजारी गुरू बसलेला नाही, त्याला बोट धरणारे पुस्तक आधी हवे.

माझी पहिली निवड ठरली विल्यम लेव्हिट यांचे 'अ मॉडर्न मेथड फॉर गिटार', पहिला भाग. बॉस्टनच्या बर्कली येथील संगीतशाळेसाठी १९६६ साली निघालेले पुस्तक. ही रूपावली. पुतण्याने कपाळाला आठ्या घातल्या, कारण त्यात पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी वाचावी लागते. त्याला सवय सहा रेघांवर आकडे लिहिलेल्या सोप्या पद्धतीची. ते आकडे बोट कोठे ठेवायचे ते सांगतात, पण स्वराचे नाव सांगत नाहीत. मी म्हटले, "अरे, आकड्यांवरून तू दुसऱ्याच्या घरी पोहोचशील, पण त्या घरात कोण राहते ते तुला कळणार नाही. सिनेमाच्या वाद्यवृंदात गोव्याच्या वादकांनी जे राज्य केले, ते लहानपणी चर्चच्या शाळेत ही लिपी गिरवली होती म्हणून." तो गप्प बसला. पटले म्हणून बसला की काका बोलत आहेत म्हणून, ते मी विचारले नाही.

दुसरी निवड मिकी बेकर यांचा जॅझ गिटारचा अभ्यासक्रम, १९५५ चा, पहिला भाग. हे वाचनपाठ. यात व्याख्यान फार थोडे. आधी कॉर्डांचे आकार, त्यांना क्रमांक दिलेले, त्यांच्या माळा. मग सुट्या स्वरांच्या चाली. पहिल्या दिवशी हात हलतो. खाणीतून थकून आलेल्या माणसाला हे फार महत्त्वाचे आहे. त्याला रात्री दहा वाजता प्रस्तावना वाचायला लावणारे पुस्तक त्याच्या शत्रूने लिहिलेले असते.

तिसरी निवड जेमी एबरसोल्ड यांच्या मालिकेतला पहिला भाग, १९६७ चा. त्याचे वैशिष्ट्य असे, की पुस्तकाबरोबर ध्वनिमुद्रित साथ मिळते. तिथे पियानो, बास आणि ड्रम वाजतात, आणि मधली जागा तुमच्यासाठी रिकामी ठेवलेली असते. आपल्या रियाझी मंडळींचा यांत्रिक तंबोरा आणि लेहरा असतो ना, त्याच जातीची ही सोय. पण मला त्यात एक वेगळीच गोष्ट दिसली. दादाच्या पुस्तकात रिकामी जागा नव्हती. जी होती ती समासात, आणि तिथे त्याने चोरासारखे पेन्सिलीने लिहिले. या पुस्तकात रिकामी जागा हाच मजकूर आहे. तिथे काही वाजवले नाही तर पुस्तकच अपुरे राहते.

तिन्ही नावे सांगून झाल्यावर मी गावातल्या दुकानातून एक कोरी वही आणली आणि त्याला दिली. वेस माँटगोमेरी (१९२३ ते १९६८) यांना पाश्चात्त्य लिपी वाचता येत नव्हती. दिवसा कारखान्यात काम करून आलेला हा माणूस चार्ली ख्रिश्चन या वादकाच्या ध्वनिमुद्रिका ऐकून ऐकून त्यातली एकेक चाल गिटारवर उतरवीत असे. शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून तो अंगठ्याने वाजवी, असे सांगतात, आणि तोच मऊ अंगठा पुढे जगभर नावाजला गेला. म्हणजे ऐकणे हे न छापलेले पुस्तक. मी पुतण्याला एवढीच अट घातली : आठवड्याला कोणाचीही एक लहानशी चाल ऐकून वहीत उतरवायची, आणि तिच्याखाली आपली एक. बरी असो वाईट असो, शाईने लिहायची. पेन्सिलीने नाही.

आता दीड वर्ष झाले. लेव्हिटचे पुस्तक अजून अर्धेच झाले आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात काहीच होत नाही. वहिनी म्हणतात, "एवढे घोकून हा अजून एक धड गाणे वाजवत नाही." त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण बारा मापांचा ब्लूज तो सावकाश, न चुकता फिरवतो, आणि कधी कधी सातव्या-आठव्या मापाशी क्षणभर थांबतो. त्या थांबण्यात मला आशा दिसते. पाठ केलेला माणूस तिथे थांबत नाही.

मध्यंतरी त्याला भातखंड्यांचे ते पान दाखवले. तान त्याने दोनदा वाचली. आमची सरगम त्याला लहानपणापासून येते. मग गिटार घेऊन त्याने खाली सा ग प ध ही कॉर्ड धरली आणि वर ती ओळ वाजवली. "बाबांचे प्रश्नचिन्ह कशाबद्दल आहे?" मी भूप आणि देशकार यांचा वाद सांगितला. तो म्हणाला, "इकडे धैवतावर थांबायला कोणी हरकत घेत नाही, काका. षड्जाच्या कॉर्डमध्ये धैवत मिसळून तर ही मंडळी गाणे संपवतात." आणि त्याने ती पुन्हा वाजवली, धैवतावर थांबून. त्या घरात ती तान बरोबर होती. भूपात ती बरोबर की नाही, हे ठरवायला आजही एखादा गवईच हवा, आणि मी मुद्दामच कोणाला विचारले नाही. वहिनी स्वयंपाकघरातून विचारत्या झाल्या, "हे कुठले गाणे?" त्याने सांगितले, "बाबांचे." त्या काही बोलल्या नाहीत. कढईतले परतणे मात्र थोडा वेळ थांबले होते.

अलीकडे गावातली दोन-तीन मुले माझ्याकडे येऊन विचारतात, "सर, तबल्याला कोणते पुस्तक घेऊ? बासरीला कोणते?" मास्तर निवृत्त झाला तरी त्याच्याकडून यादी मागण्याची लोकांची सवय जात नाही. मी त्यांना तीन प्रश्न विचारायला सांगतो. पहिल्या दिवशी हे पुस्तक तुझा हात हलवते का? महिन्याभराने ते तुला काय येते ते तुझे तुला तपासू देते का? आणि त्यात तुझ्यासाठी कोठे जागा ठेवली आहे का? तिन्हींचे उत्तर हो असेल, तर पुस्तक कोणाचेही असो, कितीही जुने असो, खुशाल घ्यावे. आणि एकदा घेतले की दुसऱ्या पुस्तकाच्या मागे लागू नये. लाहोरला असद अली खाँ यांनी वसंतराव देशपांड्यांना काही महिने एकटा मारवा शिकवला, आणि मग आता तुला सगळे राग आले म्हणून सांगितले, अशी कथा आहे. उमरेडला खाँसाहेब येणार नाहीत. पण एक मारवा पुरेसा असतो, हे ज्याला पटले, त्याचे कपाट लहान राहिले तरी चालते.

पुतण्याने यंदाच्या दिवाळीला बोनसमधून चौथे पुस्तक घ्यायचे ठरवले आहे. कोणते घेऊ, असे मात्र त्याने या वेळी मला विचारले नाही.